रऊफ सरांची जप्त कॅसेट परत मिळणेबाबत

ज्यांच्याविषयी लिहीत आहे त्यांचे नाव : शेख रऊफ शेख हबीब, प्राथमिक शिक्षक, मूळ राहणार यवतमाळ, लोहारा रस्ता, आता मयत. घटनेचे ठिकाण : मौजे धामणखेडी, नेरकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत. काळ : कापसाचा भाव पडला आणि आमच्या जिल्ह्यात रोज कोणत्या ना कोणत्या पाहुण्याची पांढरी गाडी धूळ उडवू लागली, त्या वर्षांतला. नेमक्या तारखा वरिष्ठ कार्यालयाच्या दप्तरी असाव्यात, निदान तशी अपेक्षा आहे. साक्षीदार : निर्मला राठोड, तेव्हा इयत्ता सहावी, आता अंगणवाडीची मदतनीस; तिची आई सीताबाई, मयत; आणि मी स्वतः, गुलाबराव ठोंबरे, शिक्षण नववी, व्यवसाय अर्जलेखन, बसण्याची जागा कचेरीसमोरील लिंबाखाली. तिघांपैकी एक साक्षीदार गेला आहे. न्यायाला उशीर झाला की साक्षीदार असेच कमी होत जातात, हे मी माझ्या व्यवसायात पुष्कळ पाहिले आहे.

कार्यालयाचे आणि अधिकाऱ्यांचे नाव मी हेतुपुरस्सर लिहिलेले नाही. अर्जात प्रतिपक्षाचे नाव चुकले तर अर्ज फेटाळला जातो. येथे मात्र नाव बरोबर लिहिले तर माणूस फेटाळला जातो.

रऊफ सरांची पहिली ओळख पटायची ती त्यांच्या सदऱ्याच्या खिशावरून. इतर शिक्षकांच्या खिशाला पेन असे, यांच्या खिशात टीव्हीचा रिमोट. एसटीत, बाजारात, लग्नाच्या पंगतीत, सर्वत्र तो काळा रिमोट खिशातून डोके वर काढून असायचा. कोणी हसून विचारले की म्हणत, "हा घरी ठेवला तर पोरं पाह्यतीन, आन् शाळेत ठेवला तर हेडसाहेब कुलपात टाकतीन." उंची बेताची, चालणे भरभर, बोलणे मात्र मध्येच थांबणारे. वाक्याच्या मध्यावर ते थांबत आणि समोरच्याकडे असे पाहत, की पुढचे वाक्य त्यानेच पूर्ण करावे. मला हे प्रथम उद्धटपणाचे वाटले होते.

माझी त्यांची भेट अशी झाली. एका दुपारी ते लिंबाखाली आले, खांद्यावर कॅमेरा. मी समजलो, लग्नाचा शूटिंगवाला आहे आणि काही परवान्यासाठी अर्ज हवा असेल. त्यांचे वडील रेडिओ-टीव्ही दुरुस्त करीत, धाकटा भाऊ खरोखरच लग्नांचे शूटिंग करी, आणि तो कॅमेरा भावाने जुना झाला म्हणून काढून टाकलेला होता. पण सरांना अर्ज नको होता. त्यांना अर्ज लिहिणारा हवा होता. सहावीच्या मुलांना अर्जलेखन शिकवायचे आहे, पुस्तकात नमुना आहे, परंतु मुलांनी अर्ज लिहिणारा माणूस कधी पाहिलेला नाही, सबब मी लिहीत असताना ते माझे चित्रीकरण करणार, असे त्यांनी सांगितले. माझ्या लेखणीची अशी दखल पूर्वी कोणी घेतलेली नव्हती. मी टोपी नीट केली, कागद सरळ केला आणि त्या वेळी समोर बसलेल्या एका बाईंचा अर्ज माझ्या उत्तम अक्षरात लिहून दाखवला.

पुढल्या आठवड्यात त्यांनी मला शाळेत बोलावले. वर्गात टीव्ही, टीव्हीत मी. मी लिहायला सुरुवात केली आणि सरांनी रिमोट काढून चित्र थांबवले. मी पडद्यावर तोंड अर्धे उघडे ठेवून गोठलो. सरांनी मुलांना विचारले, "काय दिसून राह्यलं?" कोणी म्हणाले, काकांची टोपी. कोणी म्हणाले, झाडावर पाटी आहे. मग मागल्या बाकावरची एक पोरगी उठली, तीच निर्मला राठोड, आणि म्हणाली, "बाईचं बोलणं झालंच नाही आन् काका लिहून राह्यले."

वर्ग हसला. सर हसले नाहीत, माझ्याकडे वळून अदबीने म्हणाले, "वकीलसाहेब, उत्तर द्या." वस्तुस्थिती अशी होती की ती बाई तोच अर्ज तिसऱ्यांदा करीत होती व मला तो पाठ होता. मी तसे स्पष्टीकरण दिले. मुलांनी ते ऐकून घेतले, पण पटले असे दिसले नाही. त्या दिवसापासून सर मला कायम वकीलसाहेब म्हणत. कचेरीतले शिपाई तेच नाव चिडवण्यासाठी घेत. सरांच्या तोंडी ते कधीच तसे लागले नाही.

त्यांची शिकवण्याची रीत सगळी त्या एका बटणात होती. त्यांचे म्हणणे असे, की चालू टीव्ही माणसाला झोपवतो आणि थांबलेला टीव्ही जागे करतो. म्हणून ते कोणतेही चित्र सलग दाखवीत नसत. आधी आवाज बंद करून दाखवायचे. माणसे काय बोलत असतील ते मुलांनी सांगायचे. मग आवाज लावायचा. मग ऐन रंगात आल्यावर थांबवायचे आणि विचारायचे, आता पुढे काय होईल. पोरे चिडत, ओरडत. "चिडा," ते म्हणत, "चिडलेलं पोरगं विसरत नाही." विहिरीवरचा रहाट, सायकलचे पंक्चर काढणारा, गावातला सुतार, आठवडी बाजारातला तराजू, जे जे पुस्तकात शब्दाने होते ते ते त्यांनी गावातूनच टिपून आणले. गावालगतच्या बंजारा तांड्यावरची पोरे घरी गोरबोलीत बोलत. पुस्तकातली मराठी त्यांना परकी होती. चित्र थांबले की मात्र ती सर्वांच्या आधी बोलत. आपल्याच भाषेत बोलत, आणि सर त्यांचा शब्द फळ्यावर लिहून शेजारी पुस्तकातला लिहीत.

येथे टीव्हीचा इतिहास सांगणे क्रमप्राप्त आहे. पोटातच कॅसेट घेणारा तो टीव्ही शाळेला एका योजनेतून मिळाला होता. मुख्याध्यापकांनी त्याला हळदकुंकू लावले, नारळ फोडला, पत्नीकडून क्रोशाचे झाकण विणून घेतले आणि तो लोखंडी कपाटात बंद केला. पंधरा ऑगस्टला कपाट उघडून पाहुण्यांना दाखवायचा व पुन्हा बंद करायचा, असा प्रघात पडला. मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते. वस्तू खराब झाली तर निवृत्तिवेतन अडकेल, या भीतीत त्यांची सगळी नोकरी गेली होती. सरांनी त्यांना लिहून दिले की टीव्हीला काही झाल्यास माझ्या पगारातून वसूल करावे. त्या हमीपत्राचा मसुदा माझा होता आणि तो निर्दोष होता. मुख्याध्यापकांनी कपाट उघडले, पण झाकण परत मागितले. दिवसा वीज नसायची, तेव्हा सरांनी वडिलांच्या दुकानातून जुनी बॅटरी व इन्व्हर्टरचे एक खोके आणून टीव्ही चालवला. त्या खोक्याची घरघर असे, आणि मुले तिला "सरांची म्हैस" म्हणत.

दिवाळी झाली, बोंडे फुटली आणि बाक रिकामे होऊ लागले.

हे दरवर्षीचेच होते. पण त्या वर्षांत भाव असा होता, की शेतवाल्याला मजूर परवडेना आणि मजुराला एकट्याची वेचणी पुरेना. मग घरातली पोरे ओट्या बांधून रानात. शाळेत हजेरी मात्र पूर्ण लागत असे, कारण वर्गाच्या भिंतीवर ठळक निळ्या अक्षरांत रंगवलेले होते : "या गावात एकही मूल शाळाबाह्य नाही." एकदा भिंतीवर लिहिले की ते खरे ठेवणे भाग असते.

सर हजेरी मोठ्याने घेत. एखाद्या नावाला उत्तर आले नाही की पोरे म्हणत, गैरहजर. सरांना तो शब्द चालत नसे. "गैरहजर नोका म्हणू. येऊन राह्यली म्हणा." कोणी मुद्दाम विचारले, सर, ती तर रोजच येत नाही, तर म्हणत, "मंग रोज येऊन राह्यली. रस्ता लांब आहे तिचा."

निर्मला यायची थांबली तेव्हा ते कॅमेरा घेऊन रानात गेले. या प्रसंगी मी बरोबर होतो, कारण शेतवाला ओळखीचा होता आणि कॅमेरा पाहून तो बिथरेल याची सरांना धास्ती होती. तो बिथरलाच. वर्तमानपत्रात फोटो येईल, पोरी कामाला लावल्या म्हणून गुन्हा दाखल होईल, असे तो म्हणू लागला. मी त्याला कायद्याच्या भाषेत समजावले व तो गप्प झाला. गप्प झालेला माणूस विसरत नाही, हे मी तेव्हा लक्षात घ्यायला हवे होते, पण तो सरांचा विषय होता, माझा नव्हता.

सरांनी वर्गातल्या मुलांचे प्रश्न कॅसेटवर आणले होते. कॅमेऱ्याच्या छोट्या खिडकीत ते निर्मलाला दाखवायचे आणि तिचे उत्तर टिपायचे, असा त्यांचा बेत. म्हणजे प्रश्न वर्गातून रानात, उत्तर रानातून वर्गात. एकाने विचारले होते, बोट काहून बांधलं? निर्मला म्हणाली, वाळल्या बोंडाचं टोक रुतते. एकीने विचारले होते, तू शाळेत काहून येत नाही? निर्मलाने आईकडे पाहिले. सीताबाईंनी तोंडाला पदर लावला, आधी हसल्या, मग म्हणाल्या, "कापूस थांबत नाही, गुरुजी. शाळा थांबते."

सरांनी कॅमेरा खाली केला.  परत येताना बांधावर म्हणाले, "बाई बरोबर बोलली, वकीलसाहेब. बटण तं माह्याच हातात आहे."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वर्गातला मुख्य पाठ कॅमेऱ्यात भरायला सुरुवात केली आणि संध्याकाळी दिवेलागणीला टीव्ही, बॅटरी व घरघरणारी म्हैस बैलगाडीत घालून तांड्यावर न्यायला सुरुवात केली. पहिल्या संध्याकाळी सीताबाईंनी टीव्ही सुरू करू दिला नाही. वेचणीच्या पहिल्या दिवशी बाया शेतात दगड मांडून त्यांना दहीभात दाखवतात. तसा त्यांनी द्रोणभर दहीभात टीव्हीपुढे ठेवला आणि वर कापसाचा एक पुंजका. मग म्हणाल्या, आता लावा. टीव्हीत सकाळचा वर्ग होता. सर चित्र थांबवून तांड्यावरच्या पोरांना तोच प्रश्न विचारीत, जो सकाळी वर्गाला विचारला होता, आणि त्यांची उत्तरे टिपून सकाळी वर्गाला दाखवीत. दिवसभर वेचून आलेली पोरे डुलक्या घेत. सर रागावत नसत. डुलकी घेणाऱ्यापाशी जाऊन चित्र तेवढे थांबवत आणि तो जागा होईपर्यंत सगळ्यांना थांबायला लावत. संक्रांतीनंतर निर्मला शाळेत आली ती वर्गाच्या बरोबरीने आली. एक पाठही मागे नव्हती. वर्गात शिरताना पोरे एका सुरात म्हणाली, आली, आली, आणि सरांनी हजेरीवर तिचे नाव नव्याने मोठ्याने घेतले.

मी अनेक थोरांची भाषणे जवळून ऐकली आहेत, कारण त्यांच्या सभेच्या परवानगीचे अर्ज माझ्याच हातचे असतात. शिक्षणावर त्यांनी जे सांगितले त्यातले काही मला आठवत नाही. तो दहीभाताचा द्रोण आठवतो.

पुढल्या वर्षी वेचणीच्या भरात वरून आदेश आला : प्रत्येक केंद्रातून एका आदर्श पाठाचे चित्रीकरण सादर करावे, निवडक पाठ शिक्षकांच्या संमेलनात दाखवले जातील. कॅमेरा एकाच शिक्षकाकडे असल्याने नाव रऊफ सरांचे गेले. मुख्याध्यापक आनंदले. त्यांनी योजना मांडली, की त्या दिवशी शेजारच्या गावची मुले गणवेशात आणून बाक भरावेत, फुलांची रांगोळी काढावी, आणि एका मुलीने स्वागतगीत म्हणावे. सर म्हणाले, पोरे माझी नसतील तर पाठ माझा कसा. मुख्याध्यापक म्हणाले, रऊफ, एक दिवसाचा प्रश्न आहे. यावर सरांनी दिलेले उत्तर मला मुख्याध्यापकांनीच नंतर सांगितले : "साहेब, कॅमेऱ्यापुढं खोटं शिकवलं तं पोरं तोच पाठ पक्का करतीन."

त्यांनी पाठ केला तो नेहमीसारखा. मला म्हणाले, वकीलसाहेब, चला संमेलनाले, तुमचा अर्जाचा पाठही मी जोडून ठेवला आहे शेवटी. मी धुतलेला सदरा घालून गेलो व सभागृहात मागच्या रांगेत बसलो. माझा पाठ त्या दिवशी दाखवला गेला नाही. त्याआधीच सर्व संपले.

शाळेचाच टीव्ही आणून तो सभागृहातल्या भिंतीएवढ्या पडद्याला जोडला होता. पडद्यावर वर्ग दिसला. निम्मे बाक रिकामे. मागे भिंतीवर ती निळी अक्षरे, सगळी वाचता येतील अशी. सरांचा आवाज कॅमेऱ्यामागून आला. ते हजेरी घेत होते. अंकुश चव्हाण. पोरे म्हणाली, वेचाले गेला. सर म्हणाले, येऊन राह्यला. निर्मला राठोड. वेचाले गेली. येऊन राह्यली. असे एकेक नाव. पुढच्या रांगांतले काही शिक्षक प्रथम हसले, मग हसणे बंद झाले, कारण प्रत्येकाला आपापल्या वर्गातली नावे ऐकू येऊ लागली असावीत. मग रान आले. रानात ओटीत कापूस घेतलेली निर्मला, बांधलेले बोट, आणि शेजारी सीताबाई. पहिल्या रांगेतले वरिष्ठ अधिकारी, ज्यांचे नाव मी लिहिलेले नाही ते साहेब, खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "बंद करा ते."

रिमोट सरांच्या खिशात होता. त्यांनी तो काढला आणि बटण दाबले. टीव्ही बंद झाला नाही, थांबला. सीताबाई पदर तोंडाशी नेताना, अर्ध्या हसण्यात, भिंतीएवढ्या स्तब्ध झाल्या. आणि सरांनी, वर्गात विचारीत तसेच, तितक्याच गोडीने, साहेबांकडे पाहून विचारले, "काय दिसून राह्यलं, साहेब?"

 साहेबांनी सरांकडे पाहिले, पडद्याकडे पाहिले नाही. एका शिपायाने जाऊन वायर उपटली.

बाहेर आल्यावर मी विचारले, की सर, हे मुद्दाम केले का. ते स्वतःच भांबावलेले होते. "सवयीनं बटण दाबल्या गेलं. सवयीनं तोंडातून निघालं." थोडे चालल्यावर थांबले. "पण प्रश्न खोटा होता का, सांगा." मी टोपी नीट केली. माझा व्यवसाय प्रश्न विचारण्याचा नाही, विनंती करण्याचा आहे. प्रश्नाला शिक्षा आणि विनंतीला विलंब, एवढाच दोहोंत फरक आहे.

नोटीस आली. आरोप असे, की सदर शिक्षकाने अध्यापनाच्या वेळेत विद्यार्थ्यांना चित्रपट दाखवले. शासकीय टीव्ही विनापरवाना शाळेबाहेर नेला. महिलांचे चित्रीकरण केले. आणि वरिष्ठांशी औद्धत्याचे वर्तन केले. सोबत गावकऱ्यांच्या सह्यांचा कागद. पहिली सही त्या शेतवाल्याची होती. टीव्हीवर गाण्यांचा पाऊस पडतो, पोरे बिघडतात, असे त्या कागदात होते. ज्यांच्या पोरांनी टीव्हीवर गावच्या रहाटाखेरीज काही पाहिले नव्हते, त्यांनीही सह्या केल्या. कोणाला कपाशीचे काम हवे होते, कोणाला दाखला हवा होता. सीताबाईंकडे कागद नेला तेव्हा त्यांनी अंगठा दिला नाही. त्या म्हणाल्या, "गुरुजीनं माह्या पोरीसाठी शाळा थांबवून ठेवली होती. तुमच्या पोरांसाठी कोणं थांबवली?" एवढे एकच वाक्य त्या प्रकरणात सरांच्या बाजूने बोलले गेले, आणि ते कोणी लिहून घेतले नाही. येथे नमूद करतो की तो सह्यांचा कागद माझ्या हातचा नव्हता. कचेरीसमोर आणखी एक अर्जलेखक बसतो. त्याचे अक्षर मी ओळखतो.

नोटिशीचे उत्तर मी लिहिले. प्रत्येक आरोपाचे स्वतंत्र खंडन, शेवटी विनंती. माझ्या आयुष्यातला तो सर्वोत्तम मसुदा होता, आणि कोण्याही वकिलाने त्यात एक अक्षर बदलले नसते. सर वाचून म्हणाले, "फर्स्ट क्लास आहे. फक्त मी कुठं दिसून नाही राह्यलो यात." मला राग आला. उत्तर पाठवले. पोच मिळाली, उत्तराचे उत्तर आजपावेतो मिळालेले नाही. कॅमेरा आणि सगळ्या कॅसेटी चौकशीकामी ताब्यात घेण्यात आल्या. सरांची बदली उमरखेडच्या पुढे, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला झाली. टीव्ही कपाटात गेला, आणि मुख्याध्यापकांनी झाकण घातले.

पुढल्या वेचणीला निर्मला रानात गेली ती परत आली नाही. तिचे नाव पटावर होते. हजेरी पूर्ण लागत होती.

बदलीच्या गावी मी एकदा त्यांना भेटायला गेलो. त्या शाळेत वीजही नव्हती. मला वाटले, माणूस खचला असेल. ते वर्गात होते. त्यांनी एका पुठ्ठ्याच्या खोक्याचा तळ चौकोनी कापला होता आणि ते रिकामे खोके खिडकीत ठेवून पोरांना एकेक करून त्यातून बाहेर पाहायला लावत होते. "आता डोये मिट. काय काय पाह्यलं, सांग." पोरगे सांगू लागले, शेळी, दोर, बाभूळ. "शेळीचा दोर कायले बांधला होता? नाही पाह्यलं? पुन्हा पाह्य." खिशात रिमोट होता. मी म्हणालो, सर, आता याचा काय उपयोग. ते म्हणाले, "टीव्ही नेला त्याहीनं. थांबणं कसं नेतीन?"

पण एसटीपर्यंत सोडायला आले तेव्हा वेगळे बोलले. कॅसेटी परत मिळवून द्या, एवढे करा, वकीलसाहेब. कॅमेरा राहू द्या. त्या पोरीले मी हजेरीत येऊन राह्यली म्हटलं आहे, ते तिनं आयकलंच नाही. ती रानात होती ना तेव्हा. हे सांगताना ते वाक्याच्या मध्यावर थांबले नाहीत. सरांना सलग बोलताना मी तेवढेच एकदा ऐकले.

मी अर्ज केले. स्मरणपत्रे केली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात यवतमाळला घरी आलेले असताना त्यांच्या छातीत दुखले आणि दवाखान्यात नेईपर्यंत सर्व आटोपले. मातीला मी होतो. त्यांच्या भावाने मला तो रिमोट देऊ केला. मी घेतला नाही. जप्त वस्तू परत मिळाल्याखेरीज तडजोड होत नाही, अशी माझी पद्धत आहे.

आता कळते की त्याच शाळेत भिंतीएवढा पडदा बसला आहे. शिक्षकांनी स्वतः व्हिडिओ तयार करून शिकवावे, विद्यार्थ्यांच्या परिसरातील उदाहरणे घ्यावीत, चित्र मध्येच थांबवून प्रश्न विचारावेत, असे परिपत्रक निघाले आहे. ते मी वाचले. भाषा बरी आहे. पडद्याच्या उद्घाटनाला नारळ फोडला गेला व मंचावर तेच साहेब होते, आता अधिक मोठ्या पदावर. ज्यांनी वायर उपटवली त्यांनीच बटण दाबले, आणि टाळ्या वाजल्या. भिंतीवरील निळी अक्षरे नव्याने रंगवली आहेत.

गेल्या महिन्यात निर्मला लिंबाखाली आली. बरोबर तिची लहान मुलगी. मी कागद पुढे ओढला, मग पेनाला टोपण लावले आणि म्हटले, बोल. ती बराच वेळ बोलली. आई मागच्या वर्षी गेली. घरात आईचा फोटो आहे तो रेशनकार्डावरचा, त्यात ती घाबरलेली दिसते. "काका, सरांच्या कॅसेटीत याडी हसून राह्यली होती," ती म्हणाली. याडी म्हणजे आई. "माह्या पोरीनं आजीले हसताना पाह्यलं नाही. तेवढं भेटते का पाहा." तिचे पूर्ण बोलून झाल्यावर मी तिला सांगितले, की त्याच कॅसेटीत सरांनी तिचे नाव घेतले आहे आणि पुढे काय म्हटले आहे. तिला हे ठाऊक नव्हते. ती मुलीच्या केसांतून हात फिरवत राहिली, आणि मीही काही लिहिले नाही.

कार्यालयाने तोंडी कळवले आहे की अशा वस्तूची नोंद आढळत नाही. जप्तीची पोच माझ्याकडे आहे.

सबब विनंती अशी, की सदर कॅसेट शोधून निर्मला राठोड हिच्या स्वाधीन करावी. ती देण्यापूर्वी साहेबांनी एकदा स्वतः पाहावी, सीताबाई हसतात तेथे थांबवावी, आणि शेख रऊफ यांनी भर सभेत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर लेखी द्यावे. काय दिसते, एवढाच तो प्रश्न आहे. निर्मला दर बाजारच्या दिवशी येऊन विचारते, काका, उत्तर आलं का. मी तिला सांगतो, येऊन राह्यलं. हे शब्द माझे नाहीत, आणि ज्यांचे आहेत त्यांना मी खोटे पडू देणार नाही. उत्तराची वाट पाहत आहे.

गुलाबराव ठोंबरे
अर्जलेखक, कचेरीसमोर, लिंबाखाली